उसवलं की फाटलं?

काखेत भोक दिसलं की आपण म्हणतो, "शर्ट फाटला." खाली वाकताना मागे टर्रकन आवाज आला की "पँट फाटली." खिशाचा कोपरा सुटून लोंबायला लागला तरी तोही फाटलाच. बोलताना एवढं पुरतं. सुईत दोरा ओवून बसल्यावर मात्र पुरत नाही, कारण या सगळ्यांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि मराठीने त्यांना दोन वेगळी क्रियापदं दिली आहेत. शिवणीचा दोरा तुटला किंवा सुटला, तर कपडा उसवतो. खुद्द कापडाचे धागे तुटले, तर तो फाटतो. पुढे सगळीकडे दोरा म्हणजे शिवायचा दोरा आणि धागा म्हणजे ज्याचं कापड विणलंय तो, एवढं धरून चालू.

उसवलेल्या कपड्यात काही हरवलेलं नसतं. दोन्ही बाजूंचं कापड जसंच्या तसं असतं, त्यांना धरून ठेवणारा दोरा तेवढा गेलेला असतो. नवा घातला की कपडा पूर्ववत. फाटलेल्यात कापडाची वीणच तुटलेली असते, कधी तिथलं कापड झिजून कमीही झालेलं असतं. अशा ठिकाणी दोन कडा ओढून एकमेकींना शिवल्या, तर जितकं कापड टाक्यांत जातं तितका कपडा तिथे आवळतो, चुणी पडते आणि ताण शेजारच्या धाग्यांवर जातो. थोड्याच दिवसांत टाक्यांच्या लगतच नवी फाट सुरू होते.

हे मी एका सुती पँटवर शिकले. जांघेत, चारही शिवणी जिथे एकत्र येतात तिथे, ती गेली. शिवणीवरच गेलीय म्हणजे उसवलीय असं समजून मी टीप घातली. महिन्याभरात पुन्हा तीच जागा. या वेळी दुहेरी दोरा घेतला, टाके जवळजवळ घातले. तिसऱ्यांदा ती गेली तेव्हा माझी शिवण शाबूत होती आणि तिच्या शेजारी बोटभर लांब चीर पडली होती. मग ती जागा खिडकीपाशी उजेडात धरली. शिवणीच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढं कापड मलमलीसारखं पातळ झालं होतं, पलीकडची खिडकीची चौकट त्यातून दिसत होती. कापड विरलं होतं. मी दोनदा उसवल्याची दुरुस्ती केली आणि दर वेळी त्या पातळ कापडात सुईने नवी भोकं पाडली.

म्हणून कुठलाही कपडा हातात घेतला की आधी तो उलटा करायचा. बाहेरून उसवलेलं आणि फाटलेलं सारखंच दिसतं, आतून सारखं दिसत नाही. शिंपी शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला माया म्हणतात. ही माया दोन्ही बाजूंना धड असेल, तिच्या कडेवरचे इंटरलॉकचे टाके जागेवर असतील आणि कापडावर सुईच्या बारीक भोकांची सरळ रांग दिसत असेल, तर कपडा उसवलाय. तुटलेल्या दोऱ्याची टोकंही तिथेच कुठेतरी सापडतात. भोकांची रांग एका बाजूला दिसतेय आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या दशा लोंबतायत, तर तो फाटलाय, मग जागा शिवणीवरची का असेना. त्यानंतर तो भाग उजेडासमोर धरून बघायचा. मागचा उजेड इतर कापडापेक्षा जास्त झिरपत असेल तर कापड विरलंय, आणि आज फाटलं नसलं तरी पुढच्या धुण्यात फाटेल.

उसवणं ही खरं तर चांगली बातमी असते. नीट शिवलेल्या कपड्यात दोरा कापडापेक्षा किंचित कच्चा असावा असं मानतात, म्हणजे जोराचा ताण आला की आधी दोरा तुटतो आणि कापड वाचतं. दणकट पॉलिएस्टर दोऱ्याने तलम सुती कापड शिवलं की उलटं होतं. दोरा टिकतो आणि तोच कापडाला कापतो. त्यामुळे "चांगला मजबूत दोरा घे" हा सल्ला सरसकट पाळू नये. दोरा कापडाच्या जातीचा घ्यावा, सुतीला सुती किंवा बारीक.

उसवलेलं शिवायला हाताने उलटी टीप पुरते. कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढाच, साधारण ४५ सेंटिमीटर दोरा घ्यायचा. लांब दोऱ्याला गुंते पडतात आणि प्रत्येक टाक्यात कापडातून जास्त वेळा घासला गेल्यामुळे तो झिजतोही. सुरुवात उसवलेल्या जागेवर करायची नाही, तिच्या २ सेंटिमीटर अलीकडे, धड शिवणीवर करायची आणि शेवटही तसाच २ सेंटिमीटर पलीकडे. शिलाई मशीनच्या टिपेत वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की सगळी शिवण धावत सुटत नाही, पण दोन्ही टोकांचे पाच-सहा टाके सैल झालेले असतात, त्यांना नव्या टाक्यांनी धरायचं असतं. सुई एक टाका मागे घालून दोन टाके पुढे काढायची, जुन्या भोकांच्या रेषेवरूनच. टाका २ ते ३ मिलिमीटरचा. प्रत्येक टाक्याला दोरा कापडावर टेकेपर्यंतच ओढायचा, त्यापुढे नाही. काखेत आणि जांघेत शिवण गोलाकार किंवा तिरकी असते, हालचालीबरोबर ती ताणली जाते, आणि कचकचून आवळलेला दोरा तिथे पहिल्या दिवशीच तुटतो.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे. काही जीन्सच्या पायांची दुमड किंवा काही टी-शर्टच्या कडा साखळी टाक्याने शिवलेल्या असतात. मागच्या बाजूला साखळीसारख्या कड्या दिसतात त्यावरून तो ओळखता येतो. त्याचं लोंबणारं टोक चुकीच्या दिशेने ओढलं की सबंध शिवण सरसर सुटते. असं टोक दिसलं तर ओढायचं नाही, शेवटच्या कडीतून ओवून गाठ मारायची.

आता फाटलेलं. यातही एक प्रश्न आधी विचारायचा: कापड तिथे आहे की नाही? खिळ्याला किंवा दाराच्या कडीला खोच लागून जी चीर पडते, तिच्यात बहुतेक वेळा कापड पूर्ण असतं, नुसतं दुभंगलेलं असतं. अशी चीर पुष्कळदा काटकोनी असते, कारण कापड ताण्याच्या आणि बाण्याच्या, म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या दिशेनेच सहज फाटतं. इथे रफू करायचं. दशा कात्रीने छाटून कडा नीटनेटक्या करायचा मोह होतो, तो आवरायचा. त्या दशा म्हणजेच शिल्लक कापड. आधी कडा हाताने जागेवर लावायच्या, मागून पातळ कापडाची पट्टी कच्च्या टाक्याने धरायची आणि मग सुई चिरेच्या एका बाजूच्या धड कापडात, कडेपासून सेंटिमीटरभर आत घालून, चीर ओलांडून पलीकडे तेवढंच आत काढायची. ओळीमागून ओळ, कापडाच्या धाग्यांना समांतर. प्रत्येक ओळ थोडी लहानमोठी ठेवायची. सगळ्या ओळी एकाच रेषेत संपल्या तर त्या रेषेवर ताण साठतो आणि रफूच्या कडेनेच पुढची फाट जाते. काटकोनी चिरेच्या कोपऱ्यावर दोन्ही दिशांचे टाके एकमेकांवरून जाऊ द्यायचे, कारण तिथेच सगळ्यात कमी धागे उरलेले असतात.

दोरा कुठून आणायचा? कपड्याच्याच मायेतून किंवा खालच्या दुमडीतून दोन-चार धागे उसवून काढता आले, तर त्यासारखं दुसरं काही नाही. रंग, जाडी, धुऊन आलेला फिकेपणा, सगळं जुळतं. धीराने केलेलं असं रफू मी हातभर अंतरावरून शोधूनही सापडलं नाही असं पाहिलं आहे.

कापड जिथे उरलेलंच नाही तिथे दोन रस्ते. भोक नखाएवढं असेल तर विणून भरायचं. आधी उभे दोरे शेजारीशेजारी ताणायचे, मग आडवा दोरा एकाच्या वरून, एकाच्या खालून असा नेत छोटी चटई विणायची, परतताना वर-खाली अदलाबदल करायची. वळणावर दोऱ्याचा किंचित फासा सैल सोडायचा, म्हणजे धुतल्यावर दोरा आटला तरी जागा आकसत नाही. भोक मोठं असेल किंवा आजूबाजूचं कापड विरलेलं असेल, तर रफूच्या वाटेला जाऊच नये, कारण टाक्यांना धरायला धड कापड नाही. तिथे ठिगळ. ठिगळ भोकाच्या मापाचं कापतात ही नेहमीची चूक. ते विरलेला भाग ओलांडून धड कापडापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणजे उजेडात धरून जिथवर पातळ दिसतं त्याच्याही २ सेंटिमीटर पुढे. ठिगळाचे उभे धागे कपड्याच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने यावेत, नाहीतर दोन्ही कापडं वेगवेगळी ताणली जातात. नवं सुती कापड असेल तर आधी धुऊन आटवून घ्यावं. कोपरे गोल कापावेत, टोकदार कोपरे उचकटतात. आणि ठिगळ मूळ कापडाहून जाड नसावं. जाड ठिगळ स्वतः वर्षानुवर्षं टिकतं, पण आपल्या कडेवर मूळ कापड कापत जातं.

माझ्या त्या पँटला शेवटी आतून बदामाच्या आकाराचं, चारही शिवणींवर पसरेल असं ठिगळ लावलं, एका जुन्या मऊ शर्टच्या पाठीचं. ते धावदोऱ्याच्या ओळींनी सबंध पसरून धरलं, नुसतं कडेने नाही. बाहेरून टाक्यांचे ठिपके तेवढे दिसतात. ती पँट अजून वापरात आहे.

जीन्सच्या गुडघ्याकडे जरा जवळून बघा. निळा भाग विरून तिथे पांढऱ्या आडव्या धाग्यांची शिडी उरलेली दिसते. डेनिममध्ये ताणा निळा रंगवलेला आणि बाणा पांढरा असतो, पृष्ठभागावर निळा जास्त असल्यामुळे घासून तो आधी जातो. म्हणजे तिथे अर्धं कापड गेलंय, अर्धं आहे. हे पांढरे धागे कापून टाकू नयेत. मागे ठिगळ लावून निळ्या दोऱ्याने उभ्या ओळी घातल्या की गेलेला ताणा तुम्ही परत भरता आणि शिल्लक बाणा त्याला धरून राहतो. पांढरे धागेही तुटले की काम दुप्पट होतं.

दोन्हींच्या मधली एक अवस्था आहे आणि ती भल्याभल्यांना चकवते. रेशमी किंवा सॅटिनसारख्या गुळगुळीत कापडाचा अंगाबरोबर शिवलेला कपडा बरगडीपाशी फाकल्यासारखा दिसतो. उलटा करून बघावं तर टीप शाबूत, धागेही तुटलेले नाहीत. शिवणीला समांतर असलेले धागे गुळगुळीतपणामुळे शिवणीपासून दूर सरकलेले असतात आणि मधल्या फटीत फक्त आडवे धागे दिसतात. याला उसवलंही म्हणता येत नाही आणि फाटलंही. त्याच रेषेवर पुन्हा टीप घालून काही होत नाही. धागे नखाने हळूहळू मूळ जागी लोटायचे, शिवणीलगत आतून इस्त्रीने चिकटणारी फ्युजिंगची अरुंद पट्टी लावायची, मग दुसऱ्या कुठल्या शिवणीतली माया सोडून कपडा सैल करायचा. घट्टपणा हेच मूळ कारण असतं, तो राहिला तर धागे पुन्हा सरकतात.

टी-शर्टसारख्या होजिअरीच्या कापडात ताणा-बाणा नसतोच, एकात एक अडकलेले फासे असतात. त्याला भोक पडलं की सुटलेले फासे आधी एकेक करून बारीक सुईने दोऱ्यावर घ्यायचे, म्हणजे शिडी पुढे धावत नाही, मग हलक्या हाताने भोक मिटवायचं. सुई गोल टोकाची असेल तर उत्तम, टोकदार सुई फासेच कापते. तिथे उसवलेली शिवणही सरळ टिपेने शिवू नये, नागमोडी टाका घालावा, नाहीतर डोक्यातून घालताना दोरा तुटतो.

यातलं काहीही लगेच जमणार नसेल तर कपडा तसाच धुवायला टाकू नका. निदान दोन-चार कच्चे टाके घाला. उसवलेली जागा धुण्यात लांबते एवढंच, पण फाटलेल्याच्या दशा सुटत जातात आणि संध्याकाळी रफूचं असलेलं काम सकाळपर्यंत ठिगळाचं होतं.

बटणाचंही हेच गणित. बटण नुसतं गळलं आणि कापडावर चार बारीक भोकं दिसतायत, तर दोरा गेलाय. बटणाखाली आगकाडी ठेवून टाके घाला, मग ती काढून बटण आणि कापड यांच्यामधल्या दोऱ्याला चार-पाच वेढे द्या, म्हणजे काजाच्या पट्टीला बसायला जागा राहते. बटण कापडाचा तुकडा घेऊन निघालं असेल, तर तिथे पुन्हा बटण लावण्याआधी भोक मागून छोट्या ठिगळाने भरा आणि शिवताना आतल्या बाजूला एक लहान, सपाट बटण धरून दोन्ही एकाच दोऱ्याने शिवा. मग वरच्या बटणाला बसणारा हिसका कापडाऐवजी मागच्या बटणावर जातो.