एक तुला, एक मला? थांबा, कात्री लावू नका!
(जुन्या जोडफोटोंबद्दल आमच्या ग्राहकांसाठी)

वाटण्या झाल्यावर चांदूर बाजारकडचे दोघे भाऊ आमच्या परतवाड्याच्या दुकानात आले. वाड्याच्या माळ्यावर पणजोबांचा एक पुठ्ठा सापडला होता, त्यावर शेजारी शेजारी दोन 'सारखेच' फोटो. दोघांनी तो मधोमध कापून एकेक घेतला होता आणि आता दोन फ्रेमा हव्या होत्या. आम्ही दोन्ही तुकडे जुळवून भिंगांच्या दुर्बिणीत धरले. पणजोबा पडद्यापासून सुटून खुर्चीत बसलेले दिसले, मांडीवरचा हात तर बाहेरच आला. धाकट्याने दुर्बीण खाली ठेवायला बराच वेळ घेतला. त्यांच्यामुळेच हे पत्रक छापले.

ते दोन फोटो सारखे नसतात. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला थोडे वेगळे दिसते. हाच फरक पकडून दोन फोटो काढायचे आणि एकेका डोळ्याला एकेक दाखवायचा, की चित्र सपाट न दिसता त्यात जवळ-लांब, म्हणजे खोली, दिसते. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी ही गोष्ट १८३८ मध्ये मांडली. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांची सुटसुटीत पेटी केली आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनापासून तिचे वेड पसरले. अमेरिकेत डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८६१ च्या सुमारास हातात धरायची दुर्बीण बनवली, पण पेटंट घेतले नाही. म्हणून ती स्वस्त झाली.

तुमच्याकडचा पुठ्ठा खरा जोडफोटो आहे का, हे घरीच पट्टीने पाहता येते. एका फोटोतल्या नाकाच्या शेंड्यापासून दुसऱ्यातल्या नाकाच्या शेंड्यापर्यंत अंतर मोजा. मग मागच्या पडद्याच्या एकाच चुणीचे तसेच मोजा. दोन्ही अंतरे तंतोतंत सारखी आली, तर एकच फोटो दोनदा चिकटवलेला आहे. त्यात खोली दिसणार नाही. नाकाचे अंतर पडद्यापेक्षा किंचित कमी आले तर जोडी अस्सल आणि नीट लावलेली. उलट आले तर डावा-उजवा फोटो अदलाबदल झाला आहे. तरीही कापू नका, आम्ही नक्कल काढून दुरुस्त करतो.

वय ओळखायला कडा पाहा. सपाट, चौकोनी कोपऱ्यांचा पुठ्ठा बहुधा जुना. गोल कोपरे १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, कमानीसारखा वाकलेला पुठ्ठा साधारण १८८० नंतरचा. भिंगाखाली बारीक ठिपके दिसले तर ते छापखान्याचे काम, त्याला फारशी किंमत नाही. आरशासारखा चमकणारा, तिरपा केला की चित्र कधी निगेटिव्हसारखे तर कधी नेहमीसारखे दिसणारा पत्रा असेल, तर तो डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा सुरुवातीच्या काळातला फोटो. त्याच्या काचेला हात लावू नका, पत्र्याला तर मुळीच नको. रुमालाने पुसलात तर चेहराच निघून येईल.

आपल्याकडे उन्हाळ्यात माळ्यावर टिनाखाली भट्टी आणि पावसाळ्यात ओल, म्हणून माळा सोडा. आतल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून वर, आम्लमुक्त कागदात ठेवा. कसर आणि वाळवी महिन्यातून एकदा पाहायची. लॅमिनेशन, सेलोटेप आणि फेविकॉल नको. मागे नाव लिहायचे तर पेन्सिलीने. आणि आजी-आजोबा आहेत तोवर फोटोतला माणूस कोण, हे लिहूनच ठेवा. नाव असलेल्या चेहऱ्याला घरात आणि बाजारातही जास्त मान असतो.

विकायचा असेल तर एक सांगतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. 'बाहेरचं गिऱ्हाईक' आणणाऱ्या दलालापासून सांभाळा.

दुकानात तपासणीचे पैसे घेत नाही; नक्कल, डबी आणि दुरुस्तीचे घेतो. किंमत फोनवर सांगत नाही, वस्तू हातात आल्याशिवाय ती सांगणे म्हणजे पावसाचा अंदाज. येताना पुठ्ठा जाड वहीत ठेवून आणा. वाकलेला असेल तर दाबून सरळ करू नका, तो मुद्दामच तसा केलेला असतो.