बदली क्वार्टरबॅकचा सौदा

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, जायबंदी झाल्यावर त्याच्या जागी दुसऱ्या संघाकडून क्वार्टरबॅक मिळवण्यासाठी होणारा व्यवहार. अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) या सौद्याची किंमत साधारणपणे पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) हक्कांत मोजली जाते. हंगाम तोंडावर आलेला असतो किंवा सुरूही झालेला असतो, त्यामुळे हाताशी पर्याय थोडे आणि वेळ त्याहून थोडा. म्हणून अशा सौद्यात खेळाडूच्या गुणवत्तेपेक्षा घेणाऱ्याची निकड आणि देणाऱ्याची सोय यांवरच किंमत ठरते. मिनेसोटा वायकिंग्जने ३ सप्टेंबर २०१६ रोजी फिलाडेल्फिया ईगल्सकडून सॅम ब्रॅडफर्डला घेतले, तो या प्रकारातला सर्वांत बोलका व्यवहार आहे.

मैदानावरच्या अकरा जणांपैकी दुसरा कोणी जखमी झाला तर राखीव खेळाडू आत येतो आणि खेळ बऱ्यापैकी तसाच चालू राहतो. क्वार्टरबॅकचे तसे नाही. आक्रमणाच्या जवळजवळ प्रत्येक डावपेचात चेंडू आधी त्याच्या हातात येतो. प्रशिक्षक त्याच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर पुढची चाल सांगतो. चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की हा रेडिओ बंद होतो. त्यानंतर रचना कुठली, चेंडू झेलणारे कुठल्या वाटेने धावणार, त्याला स्वतःला संरक्षण कोण आणि कसे देणार, हे सगळे त्याने सहकाऱ्यांपर्यंत अचूक पोहोचवायचे, समोरची बचावफळी वाचायची आणि गरज पडली तर ऐनवेळी चाल बदलायची. प्रत्येक संघाची ही भाषा वेगळी असते. हंगाम चालू असताना सरावाचा बहुतेक वेळ पहिल्या क्वार्टरबॅकलाच मिळतो, त्यामुळे स्वतःच्या संघातला दुसरासुद्धा पुरता तयार असेलच असे नाही. बाहेरून आलेला तर कोऱ्या पाटीनेच सुरुवात करतो. त्यात लीगमध्ये संघ बत्तीस आणि भरवशाचे क्वार्टरबॅक त्याहून कमी, हा तुटवडा कायमचाच आहे.

म्हणूनच बहुतेक संघ आधी घरातल्याच राखीव खेळाडूवर भिस्त ठेवतात. तो निर्णय कधीकधी इतिहास घडवतो. १९९९ मध्ये सेंट लुइस रॅम्सचा ट्रेंट ग्रीन सराव सामन्यात जखमी झाला आणि कर्ट वॉर्नरने त्या संघाला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. २००१ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या ड्रू ब्लेडसोच्या जागी टॉम ब्रेडी उतरला. २०१६ मध्ये डॅलस काउबॉइजचा टोनी रोमो हंगामापूर्वी जायबंदी झाला, तेव्हा चौथ्या फेरीत निवडलेल्या डॅक प्रेस्कॉटने पहिल्याच वर्षी संघाला १३ विजय मिळवून दिले. दुसरा मार्ग म्हणजे कोणत्याही संघाशी करार नसलेला खेळाडू घेणे. सौदा हा तिसरा आणि सर्वांत महागडा मार्ग. त्याला मुदतही असते: २०११ पर्यंत ती सहाव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संपत असे, २०१२ पासून आठव्या आणि २०२४ पासून नवव्या आठवड्यानंतर संपते. त्यानंतर क्वार्टरबॅक गेला तर दुसऱ्या संघाचे दार बंद.

मराठी वाचकाला आयपीएलची पद्धत ओळखीची आहे. तिथे हंगामाच्या मध्यावर जखमी खेळाडूची जागा नोंदणी केलेल्या पण कोणी न घेतलेल्या खेळाडूंतून भरतात; २०२५ मध्ये कोपराच्या दुखापतीमुळे ऋतुराज गायकवाड बाहेर पडला तेव्हा चेन्नईने आयुष म्हात्रेला असेच घेतले. त्यासाठी दुसऱ्या संघाला आपले भविष्य तोडून द्यावे लागत नाही. एनएफएलमध्ये नेमके तेच द्यावे लागते. ड्राफ्ट सात फेऱ्यांचा असतो आणि पहिल्या फेरीतला हक्क म्हणजे महाविद्यालयांतून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकावर अनेक वर्षांचा, तुलनेने स्वस्त दावा. तो एका हंगामासाठी सोडणे ही साधी गोष्ट नाही.

वायकिंग्जने तो सोडला, त्यामागची परिस्थिती अशी होती. २०१५ मध्ये ११ सामने जिंकून त्यांनी आपला विभाग (लीगमधला छोटा गट) जिंकला होता. प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) सिॲटलविरुद्ध शेवटच्या क्षणी २७ यार्डांची सोपी किक चुकली आणि ते १०–९ असे हरले. बचावफळी भक्कम होती, मिनियापोलिसमधले नवे यू.एस. बँक स्टेडियम २०१६ च्या हंगामासाठी उघडत होते, आणि तेवीस वर्षांचा टेडी ब्रिजवॉटर हा त्यांचा क्वार्टरबॅक दिवसेंदिवस सुधारत होता. ३० ऑगस्टला ईडन प्रेरी इथल्या सरावात चेंडू फेकण्यासाठी मागे सरकताना त्याचा डावा गुडघा निखळला. कोणी त्याला धडकले नव्हते, हातही लावला नव्हता. सहकारी जागच्या जागी गुडघे टेकून बसले, काहींनी हेल्मेट आपटले, रुग्णवाहिका आली आणि प्रशिक्षक माइक झिमर यांनी सराव तिथेच थांबवला. एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य अस्थिबंध) पूर्ण तुटला होता आणि सांध्याची आणखीही हानी झाली होती. पाय वाचला, याचे श्रेय संघाचे मुख्य ॲथलेटिक ट्रेनर एरिक शुगरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या तत्परतेला दिले जाते, आणि ते रास्तच आहे.

पहिला सामना बारा दिवसांवर होता. हाताशी होता छत्तीस वर्षांचा शॉन हिल. जनरल मॅनेजर रिक स्पीलमन यांनी फोन फिरवायला सुरुवात केली, आणि पलीकडे ईगल्सचे हावी रोझमन होते.

ईगल्सची बाजू समजल्याशिवाय हा सौदा कळत नाही. त्यांनी त्याच वसंतात क्लीव्हलंडशी व्यवहार करून ड्राफ्टमधला दुसरा क्रमांक मिळवला होता आणि त्यावर कार्सन वेंट्झला घेतले होते. त्या व्यवहारात त्यांचा २०१७ चा पहिल्या फेरीचा हक्क गेला होता. ब्रॅडफर्डशी मार्चमध्येच दोन वर्षांचा करार झाला होता. वेंट्झसाठीची धावाधाव पाहून त्याने एप्रिलमध्ये आपल्याला दुसरीकडे पाठवावे अशी मागणी केली, मग तो परतला. म्हणजे रोझमन यांच्याकडे एक चालू क्वार्टरबॅक होता, एक उद्याचा होता आणि पहिल्या फेरीची एक जागा रिकामी होती. त्यांना विकायची घाई नव्हती. वायकिंग्जना घ्यायची होती. किंमत ठरली ती अशी: २०१७ चा पहिल्या फेरीचा हक्क आणि २०१८ चा चौथ्या फेरीचा; वायकिंग्ज प्लेऑफमध्ये पुढे गेले तर हा दुसरा हक्क वरच्या फेरीत सरकणार होता. ब्रॅडफर्डचा साइनिंग बोनस (करार करताना मिळणारी रक्कम) ईगल्सनी आधीच दिलेला असल्याने तो त्यांच्याच सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगारखर्चावरच्या मर्यादेच्या) हिशेबात राहिला आणि वायकिंग्जवर त्या वर्षाच्या मूळ पगाराचाच भार आला. खेळाडू निकडीच्या वेळी कॅपमध्ये बसतो तो बहुधा या नियमामुळे.

ब्रॅडफर्ड २०१० च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला, फेक अतिशय अचूक, पण डाव्या गुडघ्याचा एसीएल २०१३ आणि २०१४ अशा लागोपाठ दोन वर्षांत तुटलेला. इतक्या नाजूक खेळाडूसाठी पहिली फेरी मोजणे अनेकांना वेडेपणाचे वाटले. पहिल्या रविवारी टेनेसीत शॉन हिलने सामना सांभाळून नेला. १८ सप्टेंबरला नव्या स्टेडियममधल्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात ब्रॅडफर्ड ग्रीन बे पॅकर्ससमोर उतरला. संघात येऊन त्याला दोन आठवडे होत होते. ३१ पैकी २२ फेक पूर्ण, २८६ यार्ड, दोन टचडाउन (गुण मिळवून देणाऱ्या फेकी), एकही इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेली फेक) नाही. वायकिंग्ज १७–१४ ने जिंकले. त्याला हा वेग पकडता आला यामागे एक नेमके कारण होते: रॅम्स आणि ईगल्स या दोन्ही ठिकाणी त्याच्याबरोबर काम केलेले पॅट शर्मर वायकिंग्जच्या प्रशिक्षकवर्गात होते. प्लेबुक (चालींचा संग्रह) नवे असले तरी ते समजावणारा माणूस ओळखीचा होता.

वायकिंग्जनी पहिले पाचही सामने जिंकले आणि मग घसरण सुरू झाली. धावपटू एड्रियन पीटरसन त्या पॅकर्सच्या सामन्यातच गुडघा धरून बाहेर गेला होता. क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीतले दोन्ही टोकांचे लाइनमन, मॅट कॅलिल आणि आंद्रे स्मिथ, जखमी होऊन हंगामाला मुकले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आक्रमणाचे सूत्रधार नॉर्व्ह टर्नर यांनी राजीनामा दिला आणि जबाबदारी शर्मर यांच्यावर आली. धावून यार्ड मिळवण्यात संघ लीगमध्ये तळाला राहिला. शेवट ८–८ (आठ विजय, आठ पराभव), प्लेऑफ नाही. ब्रॅडफर्डने मात्र ७१.६ टक्के फेक पूर्ण करून एका हंगामाचा तेव्हाचा विक्रम केला, २० टचडाउनला फक्त ५ इंटरसेप्शन. त्यात आखूड फेकींचा भरणा होता ही टीका खरी आहे. पण ढासळलेल्या लाइनमागे उभे राहून लांब फेकीसाठी लागणारा वेळ त्याला मिळत नव्हता, हेही तितकेच खरे. ‘गरजवंताला अक्कल नसते’ असे म्हणून हा सौदा निकालात काढणे सोपे आहे. प्रत्यक्षात स्पीलमन यांनी ज्या गोष्टीसाठी पैसे मोजले, ती त्यांना मिळाली. कोसळले ते बाकीचे.

२०१७ मध्ये ब्रॅडफर्डने न्यू ऑर्लीन्स सेंट्सविरुद्ध पहिल्या सामन्यात ३४६ यार्ड फेकले आणि पुन्हा गुडघ्यानेच त्याला बाहेर बसवले. केस कीनमने त्या संघाला कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन भागांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यापर्यंत नेले. तिथे समोर ईगल्स होते. वायकिंग्ज ३८–७ असे हरले. ईगल्सचाही क्वार्टरबॅक बदली होता. वेंट्झचा गुडघा १० डिसेंबरला, म्हणजे सौद्यांची मुदत उलटून गेल्यावर गेला आणि निक फोल्स आत आला. २०१५ मध्ये ब्रॅडफर्डला फिलाडेल्फियात आणताना रॅम्सना देऊन टाकलेला हाच तो फोल्स. ईगल्स आणि न्यू इंग्लंड यांच्यातला ४ फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल मिनियापोलिसमध्ये, वायकिंग्जच्याच स्टेडियमवर झाला. शेवटच्या काही मिनिटांत ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला आणि तो उचलला डेरेक बार्नेटने, ज्याला ईगल्सनी ब्रॅडफर्डच्या बदल्यात मिळालेल्या चौदाव्या क्रमांकावर निवडले होते. चौथ्या फेरीच्या हक्कातून त्यांना जॉश स्वेट मिळाला. २०२५ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने अडीच सॅक (फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणे) केले. एका सप्टेंबरमधल्या निकडीची फळे समोरचा संघ नऊ हंगाम खात राहिला.

ब्रिजवॉटर २०१७ च्या डिसेंबरमध्ये मैदानात परतला तेव्हा मिनियापोलिसच्या प्रेक्षकांनी उभे राहून त्याचे स्वागत केले. पुढच्या वर्षी ब्रॅडफर्ड, कीनम आणि तो, तिघेही वायकिंग्ज सोडून गेले. ब्रिजवॉटरला न्यूयॉर्क जेट्सनी घेतले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये सेंट्सनी तिसऱ्या फेरीच्या हक्काच्या बदल्यात आपल्याकडे आणले. त्या वेळी सेंट्सचा ड्रू ब्रीस ठणठणीत होता. वर्षभराने ब्रीसचा अंगठा दुखावला आणि ब्रिजवॉटरने पाचच्या पाच सामने जिंकून दिले. दुखापतीच्या आधी केलेला सौदा किती स्वस्त पडतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा शोधून सापडायचा नाही.

दुखापतीनंतर दोन दिवसांत केलेला सौदा किती महाग पडतो, ते ऑकलंड रेडर्सनी २०११ मध्ये दाखवले. १६ ऑक्टोबरला जेसन कॅम्बेलचे गळपट्टीचे हाड मोडले. संघाचे मालक अल डेव्हिस आठवडाभरापूर्वीच वारले होते आणि प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांच्या शब्दाला वजन आले होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, १८ ऑक्टोबरला, त्यांनी सिनसिनाटी बेंगल्सचा कार्सन पामर घेतला: २०१२ ची पहिली फेरी आणि २०१३ ची दुसरी. बेंगल्ससाठी आता खेळणार नाही असे सांगून पामर घरी बसला होता, त्याला सोडायचे नाही यावर मालक माइक ब्राउन अडून होते, आणि त्यांच्या अडून बसण्याला अचानक सोन्याचा भाव आला. पाच दिवसांनी कॅन्सस सिटीविरुद्ध पामर मध्येच उतरला, तीन इंटरसेप्शन देऊन बसला आणि रेडर्स २८–० असे हरले. हंगाम ८–८ वर संपला आणि जॅक्सन यांची नोकरी गेली.

स्वस्तातले सौदेही होतात. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी वायकिंग्जच्या कर्क कझिन्सचा अकिलीस टेंडन तुटला. दोन दिवसांनी त्यांनी ॲरिझोना कार्डिनल्सकडून जॉशुआ डॉब्सला घेतले. दिला सहाव्या फेरीचा एक हक्क, आणि बदल्यात सातव्या फेरीचा एक सशर्त हक्कही परत मिळाला. डॉब्सने टेनेसी विद्यापीठातून एरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी घेतली आहे, आणि त्या आठवड्यात त्याला ती अभ्यासाची सवय कामी आली. ५ नोव्हेंबरला अटलांटात नवखा जॅरन हॉल पहिल्याच सत्रात डोक्याला मार लागून बाहेर गेला. डॉब्सने पहिल्या फळीबरोबर एकदाही सराव केलेला नव्हता; सगळ्यांची नावेही त्याला पाठ नव्हती. सेंटरला (क्वार्टरबॅककडे चेंडू देणाऱ्या खेळाडूला) चेंडूसाठी द्यायची हाक कशी असेल, हे त्याने मैदानाच्या कडेला उभ्या उभ्या जुळवून घेतले. प्रशिक्षक केव्हिन ओकॉनेल हेल्मेटमधल्या रेडिओवरून, तो बंद होईपर्यंत, चाल आणि तिचा अर्थ दोन्ही सांगत राहिले. शेवटची २२ सेकंद उरली असताना डॉब्सने विजयी टचडाउन फेकला, ३१–२८. पुढे प्रतिस्पर्ध्यांना त्याचा अंदाज आला, शिकागोविरुद्ध त्याने चार इंटरसेप्शन दिले आणि डिसेंबरमध्ये त्याची जागा गेली.

२०२५ मध्ये बेंगल्स घेणाऱ्याच्या जागी आले. सप्टेंबरमध्ये जो बरोच्या पायाच्या अंगठ्याला गंभीर दुखापत झाली आणि त्याच्याऐवजी उतरवलेल्या जेक ब्राउनिंगने लागोपाठ तीन सामने गमावले. ७ ऑक्टोबरला त्यांनी आपल्याच विभागातल्या क्लीव्हलंड ब्राउन्सकडून चाळीस वर्षांचा जो फ्लॅको घेतला. विभागातला शेजारी म्हणजे वर्षातून दोनदा गाठ पडणारा प्रतिस्पर्धी. त्याला क्वार्टरबॅक देणे दुर्मीळच. पण ब्राउन्सनी फ्लॅकोला आधीच बाकावर बसवले होते. पाचव्या फेरीचा हक्क देऊन बेंगल्सना फ्लॅको आणि सहाव्या फेरीचा हक्क मिळाला. पाच दिवसांत तो खेळला, नवव्या दिवशी पिट्सबर्गला ३३–३१ ने हरवले. त्यानंतर बेंगल्सनी जेट्सविरुद्ध ३८ आणि शिकागोविरुद्ध ४२ गुण केले आणि दोन्ही सामने गमावले, कारण बचावफळीने अनुक्रमे ३९ आणि ४७ दिले. २७ नोव्हेंबरला बरो परतला.