शालेय मैदानातले गोल टर्फवर कुठे अडतात: खानदेशातल्या हॉकीची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे शालेय क्रीडा स्पर्धांत नाशिक विभागात मोडतात. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढताना एखादा पोरगा प्रत्येक सामन्यात गोल मारत सुटतो, आणि मैदानाच्या कडेला एकच विषय चालतो: हा पुढे जाणार का? पुढे म्हणजे रेल्वे, सेनादल, तेल कंपन्यांचे संघ, आणि त्याही पलीकडे हॉकी इंडिया लीग. नुसत्या आकड्यावरून याचं उत्तर मिळत नाही. गोल कोणत्या मैदानावर झाला, कसा झाला आणि समोर कोण होतं, हे विचारावं लागतं. हा फरक इतका मोठा का झाला हे समजून घ्यायचं तर पन्नासेक वर्षं मागे जायला हवं.

गवतावरच्या हॉकीत चेंडू मंदावायचा, उसळायचा, आणि ज्याच्या हातात जादू त्याला वेळ मिळायचा. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ध्यानचंद यांचे १४ गोल झाले. १९५२च्या हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्धच्या सहापैकी पाच गोल एकट्या बलबीरसिंग सीनियर यांचे. मार्च १९७५मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ हरवून भारताने विश्वचषक जिंकला, तोही गवतावरच. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि भारत सातवा आला. टर्फवर चेंडू सरळ आणि वेगात येतो. पास धावणाऱ्या माणसाच्या पुढे निघून जातो, म्हणून तिघांना चकवत नेणाऱ्यापेक्षा योग्य जागी आधी पोचणारा जास्त गोल करतो.

खानदेशातली बहुतेक शाळकरी हॉकी आजही १९७६च्या अलीकडे आलेली नाही. तापी खोऱ्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चिकट होते, म्हणून शाळा वर मुरूम टाकून घेतात. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यातच सुरू होतो, आणि तेव्हा मैदानाच्या एका कोपऱ्यात चिखल तर दुसऱ्या कोपऱ्यात खडे असतात. अशा मैदानावर हात घडतात ते वेगळेच. चेंडू उडी मारून येतो, म्हणून पोरगा जवळजवळ ताठ उभा राहतो, स्टिक उभी धरतो, हात सैल सोडून चेंडू जागच्या जागी थांबवतो, मग मान वर करतो, मग हिट. त्या मैदानावर हे अगदी बरोबर आहे.

टर्फवर मात्र हीच सवय आड येते. तिथे गुडघे वाकवून, स्टिक जवळजवळ आडवी, डाव्या हाताची बोटं जमिनीला लागतील इतकी खाली ठेवून चेंडू घ्यायचा असतो, आणि पहिल्याच स्पर्शात तो गोलकडे वळवायचा असतो. चेंडू आधी थांबवून मग विचार करणाऱ्याचा जो अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात बचावपटूची स्टिक येते. शाळेत धडाधड गोल मारणारे राज्य निवड चाचणीत गप्प पडतात ते बहुतेक वेळा इथे. त्यांचा फटका तोच असतो, फटक्याआधीचा वेळ संपलेला असतो.

दुसरी उणीव रिव्हर्सची, म्हणजे स्टिक उलटी करून मारण्याची. डीच्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) डाव्या अंगाने घुसून स्टिकच्या कडेने मारलेला टॉमाहॉक आज फॉरवर्डच्या रोजच्या कामाचा फटका आहे. मुरमावर तो शिकताच येत नाही. कड खड्यांना घासते, कंपोझिट स्टिकचे थर सुटतात, आणि घरून दुसरी स्टिक लगेच मिळत नाही. मग पोरगा फक्त उजव्या अंगाने मारायला शिकतो. अनुभवी बचावपटूला हे दोन चढायांत कळतं, आणि तो त्याला सारखा डावीकडे ढकलत राहतो.

मैदानाइतकेच नियमही बदलले. १९९८मध्ये ऑफसाइड कायमचं गेलं, म्हणजे फॉरवर्डला गोलरक्षकाजवळ ठाण मांडायची मुभा मिळाली. शालेय हॉकीत याचा फायदा उघड दिसतो: दोन्ही बॅक वर चढलेले, गोलरक्षकाकडे धड पॅड नाहीत, आणि डीत एकटा उभा असलेला पोरगा सुटलेला चेंडू आत ढकलतो. असे गोल मोजून उपयोग नाही. वरच्या पातळीवर बॅक फॉरवर्डच्या पुढे उभा राहून पास कापतो, आणि गोलरक्षक चार पावलं बाहेर येऊन कोन बुजवतो. ३.६६ मीटर रुंद गोल तेव्हा फार लहान दिसतो.

कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा आणि १५ मिनिटांचे चार डाव यांमुळे फॉरवर्डचं कामही पालटलं आहे. तो काही मिनिटं पूर्ण जोराने धावतो, बाहेर बसतो, परत येतो. चेंडू गेला की पहिला बचाव त्याचाच. विरुद्ध बॅकला पास काढू न देणं हे गोलाइतकंच मोलाचं धरलं जातं. चेंडूची वाट पाहत उभा राहणारा तारा व्यावसायिक संघात सहसा राखीव बाकावर राहतो.

आता पेनल्टी कॉर्नर, म्हणजे डीत बचाव संघाने नियम मोडला की मिळणारी गोलची संधी, कारण आजचा गोलवीर पुष्कळदा फॉरवर्ड नसतोच. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक १० गोल करणारा हरमनप्रीतसिंग बचावपटू आहे, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लीगच्या लिलावात सर्वांत मोठी, ७८ लाखांची बोली त्याच्यावरच लागली. मैदानी, म्हणजे चालू खेळात झालेले, गोल मागे पडू नयेत म्हणून याच लीगने २०१६च्या हंगामात एका मैदानी गोलाचे दोन गोल धरले होते, यावरून कॉर्नरचं वजन लक्षात यावं.

कॉर्नरला गोलपोस्टपासून किमान १० मीटरवरून चेंडू ढकलला जातो, डीबाहेर स्टॉपर तो अडवतो आणि फ्लिकर आत ओढून मारतो. सगळं मिळून साधारण दीड सेकंद. बचावाला गोलरक्षकासह पाचच जण. पहिला फटका हिट असेल तर चेंडू गोलरेषेवर ४६० मिलिमीटरच्या वर चालत नाही. फ्लिकला ही अट नाही, म्हणून चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावायचा ड्रॅग फ्लिक. शेवटच्या पावलांत उजवा पाय डाव्याच्या मागून येतो, चेंडू मागे उजव्या पावलाच्या रेषेत उचलला जातो, डावा पाय लांब पडतो, आणि आधी कंबर, मग खांदे, सर्वांत शेवटी मनगटं फिरतात. डावा पाय आखूड पडला की ओढ तुटते आणि वेग जातो. कंबर वर राहिली की सगळा ताण पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो. चौदा-पंधराव्या वर्षी रोज शंभर फ्लिक मारून घेणारे प्रशिक्षक पोराची पाठ संपवतात. आठवड्यात दोन-तीन दिवस, दर वेळी वीस-पंचवीस नीट फ्लिक पुरेत.

स्टिकचंही असंच. नियमाने स्टिकचा बाक २५ मिलिमीटरपर्यंत असू शकतो. बाक खालच्या टोकाकडे असलेली लो-बो स्टिक फ्लिकला सोयीची, पण साध्या हिटला चेंडू उचलते. मोठ्या खेळाडूंची पाहून तीच विकत घेणाऱ्या नवशिक्याचे पास उडू लागतात. फ्लिकर नसलेल्याने मधल्या बाकाची घ्यावी.

मग अंदाज बांधायचा कशावरून? ज्युनियर आंतरराष्ट्रीय कामगिरी शालेय आकड्यांपेक्षा कितीतरी खरी बोलते, कारण तिथे टर्फ तोच आणि समोरचेही तोलामोलाचे. २००१च्या होबार्टच्या ज्युनियर विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा दीपक ठाकूर २००४चं ऑलिंपिकही खेळला. २०१६च्या लखनौच्या ज्युनियर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बेल्जियमविरुद्ध भारताचे दोन गोल गुरजंतसिंग आणि सिमरनजीतसिंगचे. टोकियो ऑलिंपिकमध्ये दोघेही होते, आणि जर्मनीविरुद्ध ५-४ने जिंकलेल्या कांस्यपदकाच्या लढतीत सिमरनजीतने दोन गोल केले. मनदीपसिंग २०१३च्या पहिल्या लीगमध्ये रांची ऱ्हायनोजकडून चमकला आणि अठराव्या वर्षी भारतीय संघात आला.

शालेय पातळीवर अंदाज घेताना एक बारीक गोष्ट सुटते. वयोगट १ जानेवारीने ठरत असेल तर जानेवारीत जन्मलेला पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो, आणि चौदाव्या वर्षी हा फरक ताकदीत स्पष्ट दिसतो. त्याचे गोल निम्मे शरीराचे असतात. उशिरा वाढणारा, पण मोकळी जागा आधी ओळखणारा पोरगा निवड समितीने सोडू नये.

महाराष्ट्रात वाट काढणाऱ्यांचा माग घेतला तर दोन धागे दिसतात. एक कारखाना आणि रेल्वे वसाहतींचा: धनराज पिल्ले खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढले आणि चार ऑलिंपिक खेळले. खानदेशात भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय आहे, भुसावळ आणि वरणगावला संरक्षण खात्याचे कारखाने आहेत. खेळाडू कोट्यातली नोकरी इथल्या पोरांना ऐकून नव्हे, शेजारी पाहून माहीत असते. दुसरा धागा क्रीडा प्रबोधिनीचा, म्हणजे राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रशिक्षणाचा. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे पुण्याच्या प्रबोधिनीत घडल्या आणि २०२२च्या ज्युनियर विश्वचषकात भारताकडून खेळल्या. गावाकडची मुलं लवकर टर्फवर गेली तर मैदानाची सवय आड येत नाही. सतराव्या वर्षी गेली तर जुने हात मोडण्यातच दोन वर्षं जातात.

तोवर गावात काय करता येईल? शाळेचा सिमेंटचा बास्केटबॉल कोर्ट चेंडू आडव्या स्टिकने घ्यायला चांगला. स्टिक झिजते, म्हणून जुनी वापरावी, आणि चेंडू थांबवायचा नाही, पहिल्या स्पर्शात दोन हात पुढे न्यायचा. शहरोशहरी झालेल्या बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर सराव करून हॉकीची सवय लागेल ही समजूत मात्र चुकीची आहे. त्याचं लांब गवत चेंडू धरून ठेवतं. तिथे फार तर फ्लिकची पावलं घोटावीत.