वाळलेला पिंपळ आणि कोरडा वसंत

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिंपळावर खटला भरला गेला. फिर्यादी तळमजल्यावरचे आजोबा. आरोप असा की झाड वाळलंय, वळवाच्या पहिल्या वाऱ्यात कुणाच्या तरी गाडीवर आडवं होणार, तेव्हा वेळीच तोडलेलं बरं. पुरावा म्हणून फोटो जोडला होता. त्यात पिंपळ खरोखरच अंगावर एक पान न ठेवता उभा होता. दोन मिनिटांत बचाव पक्षाचा फॉरवर्ड आला : पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, त्याला हात लावू नका.

पानच नसलेल्या झाडाच्या बाजूने हा मुद्दा यावा, हे मला फार आवडलं. तसाही तो चुकीचाच. झाडाकडून मिळणारा ऑक्सिजन पाण्याच्या रेणूची फोड होऊन येतो आणि ती फोड करायला उजेड लागतो. रात्री पिंपळ तुमच्या-आमच्यासारखाच ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याच्या पारावर झोपलेल्या माणसाला गार वाटत असेल, पण ती पाराच्या दगडाची आणि वाऱ्याची कृपा.

शेवटी कुणीतरी आठवण करून दिली की शहरातलं झाड मनाला आलं म्हणून तोडता येत नाही. १९७५ पासून त्यासाठी राज्यात कायदा आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज कोणी लिहायचा यावर चर्चा नेहमीप्रमाणे थांबली. तेवढा वेळ पिंपळाला पुरला.

झाडलोट करणाऱ्या मावशींचं मत मात्र वेगळं होतं. त्यांना झाड वाळल्याची काळजी नव्हती. "वाळलंय कुठलं, साहेब? आता बघा आठ दिवसांत कसं लाल होतंय. दर साली माझी कंबर मोडतो हा शिमग्याच्या तोंडावर." मावशी बरोबर होत्या. आठ नाही, दहा दिवस लागले.

यात आजोबांचा फारसा दोष नाही. आपल्या डोक्यातला वसंत शाळेच्या निबंधातून आलेला असतो आणि निबंधातला वसंत थोडा पंचांगातून, थोडा विलायतेतून. पंचांगाचंही गंमतशीरच. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख, पण वसंतपंचमी येते माघात, म्हणजे पाहुण्याचं स्वागत तो यायच्या पावणेदोन महिने आधी. विलायतेतला हिशेब सोपा आहे. थंडीने पाणी गोठतं, झाडं पानं टाकून झोपतात, ऊब आली की जागी होतात. तिथे पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये अख्खा हिवाळा पसरलेला असतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात, कधी एकाच झाडाच्या दोन फांद्यांवर. पुण्यात पाणी गोठत नाही, मग पिंपळ पानं टाकतो कशासाठी?

पाण्यासाठीच, पण उलट बाजूने. शेवटचा पाऊस ऑक्टोबरात होऊन गेलेला असतो. माघ-फाल्गुनापर्यंत जमिनीचा वरचा थर भुगा झालेला. पानं मात्र पर्णरंध्रांतून पाणी हवेत सोडतच असतात, आणि वर्षभर राबलेल्या जुन्या पानांची ती दारं नीट लागेनाशी होतात. जुन्या नळाचा वॉशर गेला की कसं होतं, तसंच. झाड मग नळच काढून टाकतं. देठाच्या बुडाशी पेशींचा एक कमजोर थर तयार होतो, पानातला नायट्रोजन आणि इतर कामाचा ऐवज शक्य तितका फांदीत ओढून घेतला जातो, आणि मगच पान सुटतं. वारा नुसता निमित्ताला.

खरी मजा पुढे आहे. पानं गेली की खर्च थांबतो. खोल गेलेली मुळं थोडं थोडं पाणी वर देतच असतात; ते आता उडून न जाता खोडात साठतं. खोड पुन्हा भरतं, कळ्यांमधल्या पेशींवर पाण्याचा दाब चढतो आणि कोंब फुटतात. म्हणजे आपल्याकडे पानगळ हीच पालवीची पूर्वतयारी. आजोबांनी फोटो काढला तेव्हा पिंपळ मेलेला नव्हता, टाकी भरत होता.

तरीही एक कोडं उरतंच. पाऊस यायला अजून तीन महिने. ऊन चढत चाललेलं, हवा कोरडी ठाक. शहाणं झाड जूनपर्यंत थांबेल. मग सह्याद्रीतली आणि विदर्भातली इतकी झाडं ऐन कोरड्यात नवी, नाजूक पानं का काढतात? आशियातल्या मोसमी जंगलांच्या या उफराट्या वागण्याने वनस्पतिशास्त्रज्ञांना बरंच छळलं आहे. उत्तराचा एक भाग घड्याळात आहे. पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या आसपास, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. मार्चमध्ये दिवस सर्वांत झपाट्याने वाढतो, आणि ही झपाट्याची वाढ म्हणजे रोजचं जेमतेम मिनिटभर. आपल्याला ते कळतही नाही. वनस्पतींकडे फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, त्याच्याकडून त्यांना उजेड-अंधाराची खबर मिळते. पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो, दिवसाची लांबी कधीच देत नाही. म्हणून बरीच झाडं घड्याळावर विसंबतात. पिंपळ यात जरा मनमौजी. एकाच रस्त्यावर एक पिंपळ बोडका आणि शेजारचा हिरवागार, असं चित्र तुम्हीही पाहिलं असेल.

(दिवसाच्या लांबीवरून आठवलं. २०-२१ मार्चला वसंतसंपात, दिवस आणि रात्र समान, असं आपण पाठ केलेलं आहे. पण त्या दिवशी पुण्याचे सूर्योदय-सूर्यास्त काढून वजाबाकी करा, दिवस सुमारे सात मिनिटांनी मोठा निघेल. कारण दोन. सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो आणि तीच कड बुडाली की मावळला; आणि हवेतून येताना किरण वाकतात, त्यामुळे सूर्य क्षितिजाखाली असतानाच आपल्याला वर दिसतो. समान दिवस त्याआधीच होऊन गेलेला असतो. त्याची कोणी बातमी देत नाही.)

उत्तराचा दुसरा भाग जास्त चविष्ट आहे, अळ्यांच्या दृष्टीने. कोवळं पान म्हणजे मऊ आणि प्रथिनांनी भरलेलं जेवण. पहिल्या पावसाबरोबर किड्यांची फौज येते, तोवर पान जून आणि चिवट झालेलं असेल तर झाड वाचलं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात हे मोजून पाहिलं गेलं आहे. पावसाआधी पालवणाऱ्या झाडांची पानं कमी खाल्ली जातात, उशिरा पालवणाऱ्यांची जास्त. शिवाय एप्रिल-मेच्या लख्ख उन्हाचा उपयोग होतो आणि मृगाचे ढग येईपर्यंत पानांचा कारखाना सुरू झालेला असतो.

आता त्या लाल रंगाकडे वळू. मावशी त्याला नुसतं लाल म्हणाल्या, पण जवळ जाऊन पाहिलं तर पिंपळाचं नवं पान लाल नसतं, घासलेल्या तांब्याचं असतं. पहिल्या दिवशी ते ओल्या रेशमासारखं लोंबतं, उभं राहण्याची ताकद नसते. उजेडाकडे धरलं की शिरांची जाळी फिकट दिसते आणि टोकाची ती लांब शेपटी आधीच पूर्ण तयार असते. आंब्याचं कोवळं पानही असंच मरगळलेलं, तांबूस-जांभळं. घाटातल्या जंगलात कोशिंबाचं झाड तर मार्चमध्ये असं पेटतं की एसटीच्या खिडकीतून लोक फुलं समजून फोटो काढतात.

हा रंग अँथोसायनिनचा. कोकमाचं आगळ, जांभळाची जीभ, जास्वंदीची पाकळी यांतही हाच परिवार. कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा अजून बसलेली नसते. तोवर जास्तीचं ऊन आत घुसलं तर नुकसान, म्हणून हा रंग पडद्यासारखा काम करतो. आणखी एक तर्क असा की कित्येक किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यामुळे लाल पान त्यांना मेलेलं वाटत असावं. आजोबांसारखं. आणि समजा खाल्लंच, तरी मौल्यवान हरितद्रव्य आत भरलेलं नसल्यामुळे झाडाचं नुकसान कमी. नवीन घरात कडीकोयंडा बसायच्या आधी कोणी दागिने नेऊन ठेवत नाही, त्यातलाच प्रकार.

घरी करून पाहायचं असेल तर जास्वंदीच्या चार पाकळ्या गरम पाण्यात कुस्करा. एका वाटीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. एक वाटी गडद गुलाबी होईल, दुसरी हिरवट. आमच्याकडे हा प्रयोग झाला तेव्हा हिरवी वाटी कुणीतरी पुदिन्याचं सरबत समजून तोंडाला लावली. नाव सांगत नाही, लेख तोच लिहितोय.

याच दिवसांत पळस फुलतो आणि त्याच्यावर आपण दोन अन्याय करतो. पहिला संस्कृत सुभाषिताचा : विद्येवाचून माणूस म्हणजे गंध नसलेला किंशुक, म्हणजे पळसाचं फूल. पण पळसाचं गिऱ्हाईक पाहा. सूर्यपक्षी, मैना, बुलबुल. पक्ष्यांना लाल-केशरी लांबून दिसतं, आणि मधाच्या शोधात ते नाकापेक्षा डोळ्यांवरच भरवसा ठेवतात. ज्याच्या दुकानात लोक पाटी बघून येतात त्याने अत्तर कशाला शिंपडायचं? पानं गळालेली असल्यामुळे पाटी झाकलीही जात नाही. दुसरा अन्याय म्हणीचा. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. वनस्पतिशास्त्र म्हणतं, एकच. खरं पान ओळखायची खूण म्हणजे त्याच्या बगलेत कोंब असतो. पळसाच्या तिन्ही 'पानां'च्या बुडाशी शोधा, कोंब सापडणार नाही. तो सापडतो तिघांच्या सामाईक देठाच्या बुडाशी. म्हणजे पान एक, पर्णिका तीन. नवल म्हणजे बेलाच्या बाबतीत आपण बरोबर असतो. तीन दळं असूनही त्याला आपण 'एक पान' म्हणतो आणि तसंच पिंडीवर वाहतो.

होळीच्या आसपास कोकीळ सुरू होतो. होतो, होते नाही. कवितेत कितीही कोकिळा गायली तरी तो चढत जाणारा 'कुहू' काळ्याभोर, लाल डोळ्यांच्या नराचा. मादी तपकिरी, ठिपक्यांची, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा, ऐकून कुणी कविता करणार नाही असा. तोही वसंताच्या आनंदाने गात नसतो. कावळ्यांची घरटी बांधायची वेळ जवळ येत असते आणि मादीला अंडी तिथे घालायची असतात. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांपेक्षा दोन-तीन दिवस आधी बाहेर येतं आणि पहिल्या घासांवर हक्क सांगतं. संस्कृतात कोकिळाला 'परभृत' म्हणतात, दुसऱ्याने पोसलेला. आपल्या पूर्वजांना ही भानगड चांगली ठाऊक होती. कावळ्याला अजून कळायची आहे.

माझी स्वतःची या वसंताबद्दल तक्रार एकच, आणि ती आंब्याखाली लावलेल्या स्कूटरची. मोहोराच्या दिवसांत सीटवर रोज सकाळी चिकट थेंबांची साय असते. बरेच दिवस मी तो मोहोराचा मध समजत होतो आणि मनातून थोडा खूशही होतो. ते निघालं तुडतुड्यांचं काम. हे गव्हाएवढे किडे मोहोराचा आणि कोवळ्या पानांचा रस पितात. रसात साखर भरपूर, पण शरीर बांधायला लागणारा नायट्रोजन अगदी कमी. तो पुरेसा मिळवायला त्यांना ढीगभर रस प्यावा लागतो आणि जास्तीची साखर मागून सोडून द्यावी लागते. म्हणजे मी महिनाभर किड्यांच्या विष्ठेवर बसून ऑफिसला जात होतो. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते आणि पानं काजळी फासल्यासारखी दिसतात. साखरच असल्यामुळे कोमट पाण्याने निघते, एवढा दिलासा.

या सगळ्यामागे तोच एक कोरडेपणा आहे. पहाटे शाल आणि दुपारी पंखा, हेही त्याचंच देणं. हवेत वाफ कमी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे रात्री जमिनीची उष्णता अडवायला कोणी नसतं; पुण्यात मार्चमध्ये पहाट आणि दुपार यांत वीस अंशांच्या आसपास फरक पडतो. मुंबईकरांना दमट हवेमुळे हे सुख नाही.

पिंपळ आता पुरता पालवलाय. मावशींची झाडलोट काही संपली नाही. जुन्या पानांनंतर आता कोंबांवरची पातळ टोपणं पडताहेत, त्यानंतर फळं पडतील, मग ती खाणारे पक्षी आपलं पाडतील. परवा सकाळी सातला ग्रुपवर एक फोटो आला. तांब्याच्या रंगाची पालवी, पानांतून झिरपणारं ऊन, खाली 'शुभ सकाळ' आणि दोन जोडलेले हात. आजोबांनी टाकलेला. फोटोचा कोन नेमका तोच होता, पुराव्याच्या फोटोचा.