अमेरिकेतले कॉलेज खेळ: पैसा आधी आला, नियम मागून

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेतली विद्यापीठं आपल्या खेळाडूंना स्वतःच्या तिजोरीतून थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी दर विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा घालून दिली होती. त्याच्या पंधरा वर्षं आधी, २०१० मध्ये, जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉलपटू ए. जे. ग्रीन याने स्वतःची एक जर्सी हजार डॉलरला विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं होतं. त्याच वेळी त्याच्या क्रमांकाच्या जर्सी विद्यापीठाच्या दुकानात खुशाल विकल्या जात होत्या. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो.)

एवढ्यावरून कोणाला वाटेल की तिथला कॉलेज खेळ कधीकाळी निखळ हौशी होता आणि अलीकडे पैशाने नासला. इतिहास तसं सांगत नाही. तिथली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यात न्यू हॅम्पशरमधल्या विनिपसॉकी तलावावर झालेली नौकाशर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण तिला त्या मार्गावर प्रवासी हवे होते. म्हणजे प्रायोजक पहिल्या दिवसापासून हजर होता.

ज्या संघटनेभोवती हा सगळा वाद फिरतो ती एनसीएए (नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन, कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) पैशाच्या प्रश्नातून जन्मलीच नाही. त्या काळी फुटबॉलच्या मैदानावर इतकी मुलं दगावत होती की १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या वर्षी संघटना स्थापन झाली आणि १९१० मध्ये तिने आजचं नाव घेतलं. खेळाडू हौशीच असावा, हे तत्त्व तिने सुरुवातीलाच स्वीकारलं. पण ते मोडणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार तिच्याकडे नव्हता. त्यामुळे जो तो आपल्या मर्जीने वागत राहिला. १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने शंभरावर संस्थांची पाहणी करून जाडजूड अहवाल काढला. बहुसंख्य ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेने पैसे मिळत होते: नावापुरती नोकरी, माजी विद्यार्थ्यांचा गुप्त निधी, फी माफी. अहवालावर चर्चा भरपूर झाली, व्यवहार मात्र तसाच चालू राहिला.

दात असलेला पहिला नियम आला १९४८ मध्ये. त्याला ‘सॅनिटी कोड’ म्हणत. मदत द्यायची ती गरज पाहून, तीही शिक्षण शुल्कापुरती. राहण्या-जेवण्याचा खर्च खेळाडूने काम करून भागवायचा. आणि नियम मोडणाऱ्या संस्थेची थेट हकालपट्टी. १९५० च्या अधिवेशनात व्हर्जिनिया, मेरिलँड, बॉस्टन कॉलेज, व्हिलानोव्हा अशा सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव आला. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सात पापी’ ठरवून टाकलं होतं. मतं पडली १११ विरुद्ध ९३. बहुमत झालं, पण दोन तृतीयांश हवे होते, ते काही जमलं नाही. या सातांनी निदान आपण नियम पाळत नाही हे कबूल केलं होतं; त्यांच्याविरुद्ध हात वर करणाऱ्यांपैकी किती जण नाकाने कांदे सोलत होते, हे सभागृहात सगळ्यांना माहीत असणार. वर्षभरात तो कोडच रद्द झाला.

१९५१ मध्ये वॉल्टर बायर्स कार्यकारी संचालक झाले आणि १९८८ पर्यंत त्या खुर्चीत राहिले. आजची एनसीएए मुख्यतः त्यांनी घडवली. १९५६ मध्ये खेळातल्या गुणवत्तेवर शिष्यवृत्ती द्यायला उघड परवानगी मिळाली: शुल्क, पुस्तकं, राहणं, जेवण आणि थोडा हातखर्च. याच सुमारास एक कायदेशीर पेचही उभा राहिला होता. खेळण्याच्या बदल्यात काही मिळत असेल, तर खेळाडू हा विद्यापीठाचा कामगार झाला का?

प्रश्न पुस्तकी नव्हता. अर्नेस्ट नेमेथ या डेन्व्हर विद्यापीठाच्या खेळाडूची पाठ सरावात दुखावली होती. विद्यापीठाने त्याला टेनिस कोर्टच्या देखभालीचं काम दिलं होतं, आणि संघात असेपर्यंतच ते टिकणार होतं. १९५३ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला कामगार मानून भरपाई मंजूर केली. दोन वर्षांनी त्याच राज्यात फोर्ट लुईस ए अँड एम या छोट्या कॉलेजचा रे डेनिसन सामन्यात डोक्याला मार लागून गेला. तो माजी सैनिक होता, घरी बायको आणि लहान मुलं. पत्नीने कामगार भरपाई मागितली. १९५७ मध्ये याच न्यायालयाने ती नाकारली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

नेमेथसारखे निकाल देशभर लागले तर काय होईल, ही धास्ती एनसीएएने घेतली होती. तिच्यातूनच ‘स्टुडंट-अॅथलीट’ (विद्यार्थी-खेळाडू, म्हणजे कामगार नव्हे) ही संज्ञा आली आणि नियमपुस्तकात, पत्रकांत, मुलाखतींत सक्तीने वापरली जाऊ लागली. हे आरोप करणाऱ्यांचं म्हणणं नाही. निवृत्तीनंतर १९९५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात खुद्द बायर्स यांनीच ते सांगितलं आहे. ज्यांनी ती व्यवस्था उभारली, तेच म्हातारपणी तिचे कडवे टीकाकार झाले. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो हाच. नैतिकतेच्या भाषेत मांडलेला नियम मुळात भरपाईच्या दाव्यापासून वाचण्यासाठी होता.

पुढे टीव्ही आला. १९८४ पर्यंत कोणाचे किती फुटबॉल सामने दाखवायचे हे एनसीएए ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मक्तेदारी ७-२ ने मोडली. प्रक्षेपणाचा पैसा विद्यापीठांकडे आणि ती ज्यांत मिळून खेळतात त्या गटांकडे (‘कॉन्फरन्स’) वाहू लागला. पण त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीव्हन्स जाता जाता लिहून गेले की या खेळाचं वेगळेपण टिकवायचं तर खेळाडूंना पैसे देता कामा नयेत. एनसीएए पुढची सुमारे सदतीस वर्षं हे वाक्य ढालीसारखं वापरत राहिली. पैसा खेळाडूला देता येत नसल्याने तो प्रशिक्षकांच्या पगारात आणि स्टेडियममध्ये मुरला. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीआधी घरी पाठवलं, तेव्हा करारानुसार विद्यापीठ त्यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणं लागत होतं.

खेळाडूंच्या भरतीतल्या गैरप्रकारांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचं. एका धनाढ्य पाठीराख्याने भरलेल्या गुप्त निधीतून १९८५-८६ मध्ये १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर वाटले गेले, दरमहा ५० पासून ७२५ डॉलरपर्यंत. विद्यापीठावर आधीच कारवाई झालेली होती आणि हे बंद करतो असा शब्दही दिलेला होता. तरी वाटप थांबलं नाही, कारण ज्या मुलांना कबूल केलंय त्यांचं तेवढं देऊन टाकू, असं वरिष्ठांनी ठरवलं. वरिष्ठ म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स, जे १९८७ च्या जानेवारीत टेक्सासचे गव्हर्नर झाले आणि मार्चमध्ये त्यांनी ही गोष्ट जाहीरपणे मान्य केली. त्याच्या काही दिवस आधी एनसीएएने १९८७ चा अख्खा हंगाम रद्द केला होता. १९८८ मध्ये विद्यापीठाने स्वतःहून संघ उतरवला नाही. तो संघ सावरायला दोन दशकं लागली आणि त्यानंतर अव्वल पातळीच्या कुठल्याही फुटबॉल संघाला एनसीएएने ही ‘मृत्युदंडा’ची शिक्षा पुन्हा दिलेली नाही. मोठी शिक्षा परवडत नाही म्हटल्यावर बारीकसारीक नियमांचं जंगल वाढलं. प्रशिक्षकाने मुलाला कधी फोन करायचा, कधी मेसेज करायचा नाही, इथपासून ते न्याहारीपर्यंत: खेळाडूला मधल्या वेळी बेगल देता येत असे, पण त्याला क्रीम चीज लावलं की ते जेवण ठरायचं. २०१४ मध्ये कनेटिकटच्या विजेत्या बास्केटबॉल संघातला शबाझ नेपियर म्हणाला की काही रात्री आपण उपाशी झोपतो. आठ-दहा दिवसांत जेवणावरची बंधनं उठवायचा ठराव झाला.

व्यवस्था हलवली ती न्यायालयांनी. लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच दिसणारा, त्याच संघातून खेळणारा खेळाडू दिसला. मोबदला मात्र शून्य. २००९ मध्ये त्याने दावा लावला आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला, जरी अपिलात त्यातला काही भाग गेला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपल्या नावाचे आणि छबीचे पैसे घेण्याची मुभा देणारा कायदा केला. मग २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालय ९-० ने एनसीएएच्या विरोधात गेलं. मुद्दा लॅपटॉप, पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती अशा शिक्षणाशी संबंधित लाभांपुरताच होता. पण न्यायमूर्ती कॅव्हेनॉ यांनी स्वतंत्र मत नोंदवून एनसीएए कायद्याच्या वर नाही असं सुनावलं. दहाच दिवसांत, १ जुलैला, नाव आणि छबीच्या कमाईवरची बंदी उठली.

या मुभेचा अर्थ जाहिरातीत काम करणं असा अपेक्षित होता. प्रत्यक्षात विद्यापीठांच्या पाठीराख्यांनी ‘कलेक्टिव्ह’ काढले आणि त्यांतून भरतीसाठीच पैसा ओतायला सुरुवात केली. डॅलसमध्ये ज्यासाठी हंगाम गेला, तेच आता पावतीसह. त्याच २०२१ मध्ये विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची जुनी अटही एकदा बदलणाऱ्यासाठी शिथिल झाली, आणि दर हंगामाअखेर बोली लागू लागली. एनसीएएने टेनेसी विद्यापीठाची चौकशी सुरू केल्यावर टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या अॅटर्नी जनरलनी एनसीएएलाच कोर्टात खेचलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने भरतीच्या वेळी अशा कराराची बोलणी करण्यावरची बंदी स्थगित केली. चर्चेच्या केंद्रस्थानी होता टेनेसीचा क्वार्टरबॅक (संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू) निको इयामालेयावा. पुढच्याच वर्षी मोबदल्याची बोलणी फिसकटल्याच्या बातम्या आल्या आणि तो टेनेसी सोडून यूसीएलएला गेला. १९६४ पासून चालत आलेलं, मुलाला एका विद्यापीठाशी बांधणारं ‘लेटर ऑफ इंटेंट’ही २०२४ मध्ये मोडीत निघालं.

६ जून २०२५ रोजी विल्केन यांनीच हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. खटला लावणारा ग्रँट हाउस हा अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत २८० कोटी डॉलर भरपाई आणि यापुढे थेट मोबदला, असा हा सौदा. भरपाईचा बहुतांश वाटा पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी, शिक्षणातल्या समानतेच्या १९७२ च्या कायद्याचा आधार घेत, लगेच अपील केलं.

आपल्याकडच्या मुलामुलींच्या यात आडवा येतो तो व्हिसा. नगर जिल्ह्यातली ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून टेनिस खेळली, तेव्हा असे करार कोणालाच शक्य नव्हते. आज ते शक्य आहेत, पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला कॅम्पसबाहेर काम करायला फारच मर्यादित मुभा असते. केंटकी विद्यापीठाचा काँगोमधून आलेला बास्केटबॉलपटू ऑस्कर त्शिब्वे याने २०२२ मध्ये संघ बहामाच्या दौऱ्यावर असताना तिथे, अमेरिकेबाहेर, जाहिरातींची कामं उरकून घेतली, ती याच कारणाने.

नव्या व्यवस्थेत मोबदल्यावरची देखरेख आता एनसीएएकडे नाही. मोठ्या गटांनी ‘कॉलेज स्पोर्ट्स कमिशन’ काढलं आहे. ६०० डॉलरपासून पुढचा बाहेरचा प्रत्येक करार त्याच्या संकेतस्थळावर नोंदवायचा आणि त्यामागे खरा व्यवसाय आहे हे दाखवायचं. जुलै २०२५ मध्ये कमिशनने जाहीर केलं की फक्त खेळाडूंना पैसे पोचवण्यासाठी काढलेल्या कलेक्टिव्हचे करार यात बसत नाहीत. खेळाडूंच्या वकिलांनी हरकत घेतली आणि महिना संपायच्या आत कमिशनने आपलं पत्रक बदललं.