वस्ती आणि गुन्हेगारी

गुन्हा कोण करतो यापेक्षा तो कुठे घडतो आणि त्याच ठिकाणी वर्षानुवर्षे का घडत राहतो, हा प्रश्न धरून चालणारी गुन्हेशास्त्राची शाखा. एकाच शहरात, एकाच कायद्याखाली आणि एकाच पोलीस दलाच्या देखरेखीत काही वस्त्यांमध्ये दरोडे व खून सतत होतात, तर शेजारच्या वस्तीत क्वचितच. या तफावतीचे मूळ रहिवाशांच्या स्वभावात आहे की त्या जागेच्या घडणीत, यावर जवळजवळ दोनशे वर्षे वाद चालू आहे. अमेरिकेतील शिकागो ही या संशोधनाची मुख्य भूमी. या प्रश्नासाठी इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने मोजले गेलेले दुसरे शहर क्वचितच सापडेल.

सुरुवात मात्र फ्रान्समध्ये झाली. १८२५ पासूनच्या फौजदारी खटल्यांची देशव्यापी आकडेवारी फ्रेंच न्यायखाते दरवर्षी छापू लागले. आंद्रे-मिशेल गेरी या वकिलाने ती प्रांतवार नकाशांवर मांडली आणि १८३३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मालमत्तेविरुद्धचे गुन्हे सुबत्ता व साक्षरता असलेल्या उत्तर भागात जास्त दिसत होते, तर शरीराविरुद्धचे दक्षिणेत. गरिबी आणि अज्ञान हीच गुन्ह्याची जननी, या तेव्हाच्या ठाम समजुतीला हा पहिला धक्का होता. गेरीचे म्हणणे सरळ होते : चोरी करायला चोरण्यासारखे काही असावे लागते. बेल्जियमच्या आदोल्फ केतले यांनीही याच काळात गुन्ह्यांच्या संख्येतील वार्षिक सातत्य दाखवले. पुढे १८८९ पासून चार्ल्स बूथ यांनी लंडनचे दारिद्र्य-नकाशे काढले. त्यांत सर्वांत खालच्या थरातील गल्ल्या काळ्या रंगात होत्या आणि सूचीतच त्यांचे वर्णन ‘दुर्वर्तनी, अर्धगुन्हेगार’ असे केले होते. मोजणी संपण्याआधी निवाडा देण्याची ही खोड या शाखेला पुढेही सुटलेली नाही.

शिकागो १८३७ मध्ये शहर झाले तेव्हा लोकसंख्या चार-पाच हजार होती. १८९० मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि १९३० मध्ये तेहतीस लाखांवर. रॉबर्ट पार्क व अर्नेस्ट बर्जेस हे शिकागो विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ या वाढीकडे वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहत. १९२५ मध्ये बर्जेस यांनी शहराची वर्तुळे आखली : मधोमध बाजारपेठ, तिच्याभोवती संक्रमण-पट्टा, मग कामगारांची घरे आणि बाहेर सुखवस्तू उपनगरे. संक्रमण-पट्ट्यातील घरमालक कारखान्यांना चढ्या भावात जागा विकण्याची वाट पाहत, म्हणून दुरुस्ती करीत नसत. भाडी पडलेली असत, आणि नुकताच आलेला स्थलांतरित तिथेच उतरे. चार पैसे जमले की तो बाहेरच्या वर्तुळात निघून जाई.

या आराखड्याला पुराव्याची जोड क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी दिली. शिकागोच्या बालसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या या दोघांनी बालन्यायालयात आणलेल्या मुलांचे पत्ते नकाशावर टिंब-टिंब करून मांडले. १९००–१९०६, १९१७–१९२३ आणि १९२७–१९३३ या तिन्ही कालखंडांत मुलांची संख्या प्रत्येकी आठ हजारांहून अधिक होती. संगणक नव्हता; सगळे हातानेच केले गेले. बाजारपेठेला लागून असलेल्या भागात बालगुन्हेगारीचे प्रमाण सर्वाधिक होते आणि बाहेर जाऊ तसे ते उतरत होते. पण या कामाची खरी ताकद पुढच्या निरीक्षणात आहे. त्या तीन दशकांत संक्रमण-पट्ट्यातील माणसे जवळजवळ पूर्ण बदलली. जर्मन, आयरिश व स्कँडिनेव्हियन कुटुंबे गेली, त्यांच्या जागी पोलिश व इटालियन आली, काही भागांत दक्षिणेकडून कृष्णवर्णीय आले. गुन्ह्याचे प्रमाण मात्र त्या भागांत जवळपास तसेच राहिले. शिवाय बाहेरच्या वर्तुळात गेलेल्या गटांच्या मुलांमधील प्रमाण खाली आले. एखादा वंश उपजत गुन्हेगार असता, तर तो जिथे गेला तिथे गुन्हा सोबत गेला असता. तसे झाले नाही. हे सर्व १९४२ च्या त्यांच्या ग्रंथात एकत्र आले. दारिद्र्य, रहिवाशांची सततची ये-जा आणि वांशिक सरमिसळ यांमुळे वस्तीला आपल्या मुलांवर वचक ठेवणे जमत नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. त्याला ‘सामाजिक विघटन’ म्हणतात.

या निष्कर्षाचे वजन भारतीय वाचकाला वेगळे सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. शॉ आणि मॅके नकाशांवर टिंबे भरत होते, त्याच वर्षांत सोलापुरात या जमातींच्या कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’मध्ये कोंडून हजेरी घेतली जात होती. कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. हा दिवस महाराष्ट्रात विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. जमातीच्या माथ्यावर मारलेला शिक्का आणि वस्तीच्या परिस्थितीचा अभ्यास या परस्परविरुद्ध दिशा आहेत. अर्थात जमातीऐवजी वस्तीच्या माथ्यावर शिक्का मारला की फरक फारसा उरत नाही.

शॉ यांनी १९३० च्या दशकात शिकागोत ‘एरिया प्रोजेक्ट’ सुरू केला. बाहेरून समाजसेवक आणण्याऐवजी वस्तीतल्याच माणसांच्या समित्या, खेळाची मैदाने आणि तुरुंगातून सुटून आलेल्या तरुणांना मदतीचा हात, असे त्याचे स्वरूप होते. त्याच सुमारास शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट मुंबईत नागपाडा नेबरहुड हाउस चालवत होते. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या समाजकार्य शिक्षणसंस्थेचे, म्हणजे आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे, ते पहिले संचालक. त्यांचा विषय गुन्हेगारी नव्हता, पण वस्ती हेच कामाचे एकक मानण्याची दृष्टी एकाच मुशीतली.

शॉ-मॅके यांच्यावरील आक्षेप गंभीर आहेत. विल्यम व्हाइट यांनी बोस्टनच्या इटालियन वस्तीत राहून १९४३ मध्ये दाखवले की बाहेरच्याला विस्कळीत वाटणाऱ्या वस्तीत भक्कम, फक्त वेगळी, व्यवस्था असते. १९५० मध्ये डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी एक तार्किक सापळा उघड केला. अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त, तिथे निरक्षरता कमी होती. मात्र व्यक्तिशः पाहिले तर तेच लोक अधिक निरक्षर होते. कारण ते साक्षर राज्यांत स्थायिक होत. म्हणजे भागाच्या आकड्यांवरून माणसाविषयी बोलता येत नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. शॉ-मॅके यांच्या लेखनात वस्ती निसर्गतः घडल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशा अटी शिकागोच्या खरेदीखतांत लिहिलेल्या असत आणि त्या न्यायालयांकरवी राबवण्यास सर्वोच्च न्यायालयाने थेट १९४८ मध्ये मनाई केली. पोलिश कुटुंबाला पट्ट्याबाहेर जाता आले, कृष्णवर्णीय कुटुंबाला जाऊ दिले गेले नाही.

नंतरची काही दशके सामाजिक विघटनाचा हा विचार मागे पडला. त्याला नवे रूप दिले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट सॅम्पसन यांनी. शिकागोच्या ३४३ वस्ती-समूहांतील ८,७८२ रहिवाशांना १९९५ मध्ये प्रश्न विचारले गेले : शाळा बुडवून मुले नाक्यावर उभी दिसली, कोणी भिंती रंगवू लागले, घरासमोर मारामारी झाली, तर शेजारी मध्ये पडतील का? आणि इथल्या माणसांवर विश्वास टाकता येतो का? उत्तरांतून तयार केलेल्या मापाला ‘सामूहिक परिणामकारकता’ असे नाव मिळाले. १९९७ मध्ये सॅम्पसन, स्टीफन रॉडेनबुश व फेल्टन अर्ल्स यांनी दाखवले की गरिबी आणि हिंसाचार यांच्यातील संबंधाचा बराच भाग या मापाने उलगडतो. शेजाऱ्यांची घट्ट मैत्री असलीच पाहिजे असे नाही. वेळ आली तर कोणीतरी बोलेल, एवढी खात्री पुरते. २००५ मध्ये याच सर्वेक्षण-प्रकल्पातून आणखी एक निष्कर्ष आला. स्थलांतरितांची दाट वस्ती असलेल्या भागांत हिंसा कमी होती. शॉ-मॅके यांच्या सरमिसळीच्या गृहीतकाला हे सरळ छेद देणारे होते.

याच प्रकल्पाने ‘फुटक्या खिडक्यां’च्या सिद्धांताचीही परीक्षा घेतली. जेम्स विल्सन व जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडले होते की फुटकी खिडकी दुरुस्त न करता सोडली, तर इथे कुणाचे लक्ष नाही असा संदेश जातो आणि मोठे गुन्हे ओढवतात. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९० च्या दशकात यावर धोरण उभारले आणि किरकोळ गोष्टींसाठी असंख्य लोक पकडले गेले. सॅम्पसन यांच्या गटाने गाडीतून कॅमेरे फिरवून शिकागोच्या २३,००० हून अधिक रस्त्यांच्या तुकड्यांचे चित्रण केले. कचरा, भिंतीवरची रंगरंगोटी आणि गुन्हे एकत्र दिसत होते खरे, पण लूटमार वगळता त्यांच्यात थेट कार्यकारण जवळपास नव्हते. दोन्हींचे मूळ दारिद्र्य आणि दुबळ्या सामूहिक परिणामकारकतेत होते. २००४ च्या लेखातील निष्कर्ष अधिक बोचरा : रस्त्यावरची घाण सारखीच असली तरी कृष्णवर्णीय रहिवासी जास्त असलेली वस्ती लोकांना अधिक बकाल ‘दिसते’.

दरम्यान दुसऱ्या एका गटाने वस्ती हे एककच फार मोठे ठरवले. १९८९ मध्ये लॉरेन्स शर्मन आणि सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेल्या सुमारे ३ लाख २४ हजार फोनचा हिशेब मांडला. निम्म्याहून थोडे अधिक फोन अवघ्या ३.३ टक्के पत्त्यांवरून होते. डेव्हिड वाइसबर्ड यांनी सिअ‍ॅटलच्या १४ वर्षांच्या नोंदींत असेच चित्र पाहिले : चार-पाच टक्के रस्ता-तुकड्यांवर निम्मे गुन्हे. ‘वाईट वस्ती’तही बहुसंख्य गल्ल्या शांत असतात, उपद्रव एखाद्या दारूच्या अड्ड्याजवळ, बसथांब्याजवळ किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापाशी साचतो. एका जागी पोलीस उभे केले की गुन्हा पुढच्या गल्लीत सरकतो, हा आक्षेप जर्सी सिटीतील प्रयोगात फारसा टिकला नाही; आजूबाजूच्या गल्ल्यांतही गुन्हे घटलेले आढळले.

जागा बदलली तर माणूस बदलतो का, हे पाहण्यासाठी १९९४ पासून अमेरिकन सरकारने पाच शहरांतील सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांवर सोडत काढून प्रयोग केला. काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी घरभाड्याची मदत मिळाली. मुलींना अटक होण्याचे प्रमाण घटले. मुलांमध्ये हिंसक गुन्हे सुरुवातीला कमी झाले, पण नंतर मालमत्तेच्या गुन्ह्यांत वाढ दिसली. माणसे हलवण्याऐवजी जागाच सुधारण्याचा प्रयोग फिलाडेल्फियात झाला. तेथील ५४१ पडीक भूखंडांचा सोडतीने अभ्यास झाला. काही साफ करून हिरवळ लावली, थोडी झाडे आणि बुटके लाकडी कुंपण. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला. एवढ्या स्वस्त उपायाला असा परिणाम या विषयात क्वचितच मिळतो.

नकाशावरून पुढचा गुन्हा वर्तवणाऱ्या सॉफ्टवेअरचे अनुभव याउलट आहेत. लॉस अँजेलिस पोलिसांनी असे एक सॉफ्टवेअर २०२० मध्ये बंद केले. ओकलंड शहरातील अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या नोंदी त्याच पद्धतीच्या गणिताला पुरवून २०१६ मध्ये तपासणी झाली. सर्वेक्षणांवरून अमली पदार्थांचे सेवन शहरभर विखुरलेले दिसत होते, पण गणित पोलिसांना पुन्हा पुन्हा त्याच गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांकडे पाठवत होते. कारण जुन्या अटकाही तिथेच झाल्या होत्या.