घसरगुंडी तीच, पाणी तेच, मग राग कशाचा?

जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत काही लोकांनी चक्क पाणी विकायला काढलं होतं, तेही एका राइडमधलं. फ्लोरिडातल्या डिस्नीच्या पार्कमधली 'स्प्लॅश माउंटन' कायमची बंद होणार हे आधीच जाहीर झालेलं, शेवटच्या दिवशी लोकांनी तासन् तास लाइन लावली, कोण रडलं, कोण परत परत बसलं, आणि काही हुशार लोकांनी तिथलं पाणी बाटल्या-बरण्यांत भरून ऑनलाइन लिलावाला टाकलं. आपल्याला हसू येतं, पण गंगेचं पाणी तांब्यात सील करून देवघरात ठेवणाऱ्यांनी जास्त हसू नये असं माझं मत.

ही राइड १९८९ साली आधी कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये सुरू झाली, मग १९९२ मध्ये फ्लोरिडात. लाकडाच्या ओंडक्यासारख्या होडीत बसायचं, पाण्याच्या पन्हळीतून डोंगराच्या आत शिरायचं, आत हलणारे-बोलणारे प्राणी, गाणी, एक ससा आणि त्याच्या मागावर असलेला कोल्हा, आणि शेवटी सुमारे ५० फुटांवरून धाडकन खाली. भिजून बाहेर आलं की परत आनंदाचं गाणं. अडचण अशी की हे प्राणी ज्या सिनेमातले तो १९४६ चा 'साँग ऑफ द साउथ', आणि त्यात मळ्यावरच्या काळ्या लोकांचं आयुष्य इतकं गोडगोड दाखवलंय की खुद्द डिस्नीनं तो अमेरिकेत कधी व्हिडिओ कॅसेट किंवा डीव्हीडीवर काढला नाही. म्हणून जून २०२० मध्ये कंपनीनं सांगितलं की कथा बदलणार, सशाच्या जागी टियाना येणार, म्हणजे डिस्नीची पहिली काळी राजकन्या. नवीन राइड फ्लोरिडात जून २०२४ ला आणि कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२४ ला उघडली.

आता खरी गंमत इथं आहे. पन्हळ मोडली नाही, उतार मोडला नाही, होडीचा रस्ता तोच, शेवटची उडी तीच ठेवली. बदलली ती बाहुली, गाणी, रंग, कथा. म्हणजे अंगाला जे व्हायचं ते सगळं जसंच्या तसं, आणि तरी लोक म्हणतात आमची राइड मारली. चूक कोणाची? माझ्या मते कोणाचीच नाही, कारण राइड दोन ठिकाणी चालते, एक लोखंडात आणि एक डोक्यात, आणि इंजिनिअरच्या हातात फक्त पहिली असते.

आधी लोखंडातली बघू. ५० फूट म्हणजे १५ मीटर, उतार साधारण ४५ अंशांचा, घर्षण बाजूला ठेवलं तर होडी अडीच सेकंदांत खाली येते आणि तळाला तासाला ६० किलोमीटरच्या आसपास वेग होतो. अशा उतारावर सीट तुम्हाला जितकं ढकलते ते नेहमीच्या वजनाच्या ७० टक्केच असतं, म्हणजे तेवढा वेळ तुम्ही हलके होता. पोटातली आतडी, जठर हे सगळं एरवी आपापल्या वजनानं टेकून बसलेलं असतं, आधार कमी झाला की ते जरासं वर सरकतं आणि त्यालाच आपण पोटात गोळा आला म्हणतो. कानाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण एका चिकट थरावर बसलेले असतात, ते सरकले की मेंदूला कळतं की आपण पडतोय, आणि डोळ्याला दिसायच्या आधी अंग घट्ट होतं, हात दांड्यावर जातो.

हेच आपल्या सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे गड्डा जत्रेत मिळतं की ओ. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा, आणि होम मैदानावर पाळणे, ब्रेक डान्स, मौत का कुआँ, सगळं. समजा पाळण्याची त्रिज्या ८ मीटर आहे आणि फेरी १० सेकंदांत पूर्ण होतेय, तर गणित करून बघा, ६० किलोचा माणूस टोकावर ४१ किलोचा होतो आणि अगदी खाली आल्यावर ७९ किलोचा. म्हणजे वरच्या टोकाला परत तेच, ७० टक्क्यांच्या जवळपास. कोट्यवधी डॉलरच्या डोंगरात जो हलकेपणा मिळतो तोच होम मैदानावर नट-बोल्टात उभारलेल्या पाळण्यात मिळतो, फक्त तिथं अडीच सेकंद सलग आणि इथं दर फेरीला थोडा थोडा. उलट लंडनचा तो प्रसिद्ध १३५ मीटरचा पाळणा एका फेरीला अर्धा तास घेतो, त्यात पोटाला काहीच कळत नाही, नुसतं शहर बघायचं. उंचीपेक्षा फिरायचा वेग महत्त्वाचा हे पाळणेवाल्याला पुस्तकाशिवाय माहीत असतं. तो माणसं भरताना बघा कधी, एका बाजूला सलग भरत नाही, एक डबा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो, मग मधले, आणि एखादं जाडजूड कुटुंब आलं की त्याच्या समोर दुसरं तसलंच कुटुंब हुडकतो. चाक एका बाजूला जड झालं तर मोटारीला दर फेरीत ते ओझं उचलावं लागतं आणि चाक झटके देत फिरतं, म्हणून एवढी काळजी.

आणि हा पाळणा दर गावच्या जत्रेत सुटा होतो, ट्रकात चढतो, दुसरीकडं परत उभा राहतो. मागच्या वर्षीचा डबा यंदा कुठल्या बाजूला लागला, मोटर बदलली का, खांब नवा घातला का, कोणालाच पडलेली नसते. पण लायटिंग बदलली, किंवा भोंग्यावरची जुनी गाणी जाऊन नुसती धडधड आली, की लगेच पारावर सुरू होतं, "आधीचं लई भारी होतं बे, आता काय मजा नाय राहिली." यंत्र बदललं तर चालतं, वातावरण बदललं तर चालत नाही. डिस्नीवाल्या मंडळींचं पण नेमकं तेच झालं.

असं का होतं ते सांगायला डोक्यातल्या राइडकडं यावं लागतं. घाबरलो किंवा एक्साइट झालो की अंगात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, आणि त्या क्षणाची आठवण मेंदू जास्त पक्की करून ठेवतो. १९९४ मध्ये लॅरी काहिल आणि जेम्स मॅकगॉ यांनी सहकाऱ्यांबरोबर एक साधा प्रयोग केला. लोकांना स्लाइड दाखवून एक गोष्ट सांगितली, त्यात मधल्या भागात एका मुलाचा भयानक अपघात होतो. काहींना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, म्हणजे अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम अडवणारी गोळी, बीपीवाल्यांच्या ओळखीची. आठवड्यानं विचारल्यावर गोळी न घेतलेल्यांना अपघाताचा भाग ठळक आठवत होता, गोळी घेतलेल्यांना तो बाकीच्या गोष्टीइतकाच. म्हणजे धडधड ही आठवणीची शाई आहे. आणि ती शाई उडी मारतानाच्या क्षणावर सांडली की आजूबाजूचं सगळं भिजतं, वाजत असलेलं गाणं, पाण्याचा वास, शेजारी बसलेला भाऊ, डिझेल जनरेटरचा धूर, भज्यांचं तेल. वासाचं तर अजून वेगळं, बाकी इंद्रियांची खबर मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या भागात जाते आणि मग पुढं, वास मात्र थेट भावना आणि स्मृतीच्या भागाशी जोडलेला.

धडधड कशानं झाली आणि श्रेय कोणाला गेलं यात मेंदू किती घोळ घालतो त्याचा एक मजेशीर अभ्यास २००३ चा आहे, सिंडी मेस्टन आणि पेनी फ्रोलिक यांचा. रोलर कोस्टरमधून नुकत्याच उतरलेल्या लोकांना अनोळखी माणसाचा फोटो दाखवला तर तो रांगेत थांबलेल्यांपेक्षा त्यांना जास्त आकर्षक वाटला, अर्थात शेजारी नवरा-बायको किंवा प्रियकर-प्रेयसी नसली तरच. घसरगुंडीची मजा फोटोच्या खात्यावर जमा. तसंच इथं, पडण्याची मजा सशाच्या खात्यावर जमा झाली, तीस वर्षं व्याजासकट. मग ससा काढल्यावर माणूस बोंबलणारच.

आणि आठवण म्हणजे काय फोटो नव्हे. २००२ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना डिस्नी पार्कची एक बनावट जाहिरात दाखवली ज्यात बग्स बनी होता, आणि नंतर काही लोक खुशाल सांगू लागले की लहानपणी डिस्नीत आपण बग्स बनीशी हात मिळवला होता. हे होणं शक्यच नाही, कारण तो ससा वॉर्नर ब्रदर्सचा, म्हणजे डिस्नीच्या स्पर्धकाचा. तेव्हा "आमच्या वेळी सगळं भारी होतं" असं कोणी छातीठोकपणे सांगायला लागलं की लगेच सगळं खरं धरू नये. त्यात परत दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला म्हातारपणी सगळ्यात जास्त आठवतात हे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलंय, आणि राइडमध्ये बसायचं वय बरंचसं तेच.

जे आपलं ते महाग हा पण एक भाग आहे. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० च्या त्यांच्या पेपरात कॉफीच्या मगांचा प्रयोग सांगितलाय, ज्यांना मग फुकट दिला त्यांनी तो विकायला जी किंमत मागितली ती विकत घेणाऱ्यांच्या किमतीच्या दुपटीहून जास्त. पाच मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही तऱ्हा, तर लहानपणापासूनच्या राइडचं काय घेऊन बसलात.

दुसऱ्या बाजूनं बघायचं तर नवीन गोष्ट आवडायला वेळ लागतो हे १९६८ मध्येच रॉबर्ट झायोंक यांनी दाखवलंय. अर्थ नसलेले शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं, अनोळखी चेहरे, काहीही परत परत दाखवलं की लोकांना ते हळूहळू बरं वाटायला लागतं, काही कारण नसताना. त्यामुळं उद्घाटनाच्या आठवड्यातली शिवीगाळ हा राइडचा रिझल्ट नव्हे. आणि जुन्याला पवित्र मानणाऱ्यांना एक गोष्ट हळूच सांगायची तर कॅलिफोर्नियातल्या स्प्लॅश माउंटनमधले बरेचसे हलणारे प्राणी हे 'अमेरिका सिंग्ज' नावाच्या आधीच्या शोमधून उचललेले होते, तो शो १९८८ मध्ये बंद करून. म्हणजे ही क्लासिक राइड पण कोणाच्या तरी लाडक्या गोष्टीवरच उभी राहिलेली.

पण म्हणून फॅन नेहमी उगाच ओरडतात असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. फ्लोरिडातल्याच एपकॉट पार्कमध्ये १९८३ पासून कल्पनाशक्तीवरची एक राइड होती, तिचा हिरो फिगमेंट नावाचा जांभळा छोटा ड्रॅगन. १९९९ मध्ये नवी आवृत्ती आली, राइड आखूड केली आणि फिगमेंटला जवळजवळ हाकलूनच दिलं. लोक इतके खवळले की दोनच वर्षांत ती बंद करावी लागली आणि २००२ मध्ये फिगमेंटला परत घेऊन यावं लागलं. इथं झायोंक कामाला आले नाहीत, कितीही वेळा बसलं तरी गोडी लागली नाही.

मला वाटतं फरक समजायला कानमन यांचाच दुसरा प्रयोग उपयोगी पडतो, १९९३ चा, थंड पाण्याचा. लोकांना हात १४ अंशांच्या पाण्यात ६० सेकंद ठेवायला सांगितला. दुसऱ्यांदा तेवढंच, आणि वर अजून ३० सेकंद, फक्त त्यात पाणी एक अंशानं कोमट होत गेलं. तिसऱ्यांदा कुठला प्रकार परत करणार विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला, म्हणजे त्रास जास्त वेळ, पण शेवट जरा बरा. माणूस अनुभवाची सरासरी काढत नाही, सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट एवढंच धरून ठेवतो. या हिशोबानं बघितलं तर टियानाच्या राइडमध्ये तीव्र क्षण शाबूत आहे आणि शेवटी गाणं-बजावणं पण आहे. पण आधी कोल्हा ससा पकडतोय या भीतीतून उडी यायची, आता खलनायकच नाही, त्यामुळं उडी का मारायची तेच कळत नाही अशी तक्रार बऱ्याच जणांची आहे, आणि ही तक्रार मला सशासाठी रडण्यापेक्षा जास्त वजनदार वाटते. पोटातला गोळा भीतीच्या तयारीवर मोठा होतो, ती तयारीच काढली तर तेवढीच ५० फूट छोटी वाटणार. फिगमेंटच्या वेळी तर ज्याच्यात जीव होता तोच काढला होता. कातडी बदलली तर पुढची पोरं तिला क्लासिक म्हणून मोकळी होतील, कणा काढला तर तो राग मुरत नाही.

एका बाबतीत मात्र जुन्याचं कौतुक मला अजिबात सहन होत नाही. "पूर्वी पाळण्याला नुसती एक सळई असायची, तीच मजा होती" असं सांगणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. मांडीवर बसणारा दांडा, तो चालत्या राइडमध्ये उघडू नये म्हणून लॉक, रोलर कोस्टर चढावरून उलटा घसरू नये म्हणून खाली कट-कट वाजणारे खटके, हे सगळं बदल करूनच आलं आणि त्यासाठी कुठं कुठं माणसं जायबंदी झालीत. तो कट-कट आवाज तर आता लोकांना इतका आवडतो की काही नवीन शांत राइडमध्ये तो नाही म्हणून चुकल्यासारखं वाटतं त्यांना. यंदा गड्ड्यात पोराला घेऊन पाळण्यात बसलात तर आधी दांडा ओढून बघा, गाणं कुठलं लागलंय ते नंतर.